पन्नासची रेघ

कोणत्याही तपासणीचा रिपोर्ट हाती आला की आपली नजर आधी दुसऱ्या रकान्यावर जाते आणि लगेच तिसऱ्यावर. पहिल्यात तपासणीचे नाव असते, दुसऱ्यात आपला आकडा, तिसऱ्यात ‘नॉर्मल’. आपला आकडा तिसऱ्या रकान्यात बसला की सुटलो. नाही बसला तर तो ठळक छापलेला असतो आणि त्या रात्री घरात कुणाला धड झोप लागत नाही. मी तीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले. तिसऱ्या रकान्यातले आकडे परीक्षेत हमखास विचारले जात. ते कुठून आले, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमात नव्हता.

निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा अशा एका आकड्याचा माग काढायला घेतला. आकडा आहे ५०. मलाच्या नमुन्यात कॅलप्रोटेक्टिन नावाचे प्रथिन किती आहे हे पाहणारी एक तपासणी हल्ली पोटाचे डॉक्टर बऱ्याचदा लिहून देतात. दर ग्रॅम मलात ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर आतड्याला सूज नाही, जास्त असेल तर असू शकते, असा तिचा ढोबळ अर्थ. ही रेघ कुठे ओढली गेली, कुणाच्या शरीरावरून ओढली गेली आणि तान्ह्या बाळापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या रिपोर्टवर ती सारखीच कशी उमटू लागली, याची ही हकीकत आहे. विषय मलाचा आहे म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. तान्ह्या बाळाच्या शीचा रंग, वास आणि पातळपणा यांवर आपल्याकडे घरातल्या बायका दुपारभर बोलत बसतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. मी तेच जरा प्रयोगशाळेच्या भाषेत करते आहे.

हकीकत सुरू होते नॉर्वेची राजधानी ओस्लो इथे. माग्ने फागरहोल हे तिथल्या उल्लेव्हॉल रुग्णालयातले, रक्तपेढीत काम करणारे शास्त्रज्ञ. १९६०च्या दशकात त्यांनी अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या रक्तातल्या प्रथिनाचे आनुवंशिक प्रकार शोधण्यात मोठी कामगिरी केली होती. (हे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.) नंतर ते पांढऱ्या पेशींकडे वळले. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी म्हणजे शरीराची पहिली फळी. कुठे जंतू शिरला, कुठे इजा झाली की त्या तिथे धावतात, लढतात आणि थोड्याच काळात मरतात. फागरहोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींतून वेगळे केलेल्या एका प्रथिनाचे वर्णन १९८० साली प्रसिद्ध केले. नाव अगदीच कारकुनी होते : एल-१. पण त्याचे प्रमाण थक्क करणारे निघाले. न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास निम्मा वाटा या एकट्याचा आहे. एखाद्या घरात अर्धी खोली एकाच वस्तूने भरलेली असावी आणि ती कशासाठी आहे हे कुणालाच ठाऊक नसावे, तशी ही अवस्था.

उत्तर पुढच्या काळात मिळत गेले. हे प्रथिन कॅल्शियम धरते, शिवाय जस्त आणि मँगनीजही धरते. जंतूंना वाढायला हे धातू लागतात. प्रथिनाने ते ओढून घेतले की जंतूंची उपासमार होते. दरम्यान दुसऱ्या प्रयोगशाळांना हेच प्रथिन वेगवेगळ्या वाटांनी सापडत होते आणि प्रत्येक जण त्याचे आपापल्या परीने बारसे करत होता. अखेर १९९०च्या सुमारास कॅल्शियम आणि संरक्षण या दोन गुणांवरून बेतलेले ‘कॅलप्रोटेक्टिन’ हे नाव रूढ झाले.

रक्तपेढीतले हे प्रथिन मलाच्या डबीत कसे पोहोचले, तेही सांगायला हवे. आतड्याच्या अस्तराला सूज आली की न्यूट्रोफिल ते अस्तर ओलांडून आतड्याच्या पोकळीत उतरतात, तिथे फुटतात आणि मलाबरोबर बाहेर पडतात. बाकीची बहुतेक प्रथिने आतड्यातले पाचकरस आणि जंतू फस्त करतात. कॅलप्रोटेक्टिन, कॅल्शियम सोबत असेल तर, त्यांना दाद देत नाही. १९९२ साली आर्ने रोसेथ, फागरहोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मलात मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नमुना साध्या खोलीत आठवडाभर टिकतो, असे त्यांना आढळले. पुढच्या मोजणीत तीन दिवसांनंतर घट दिसली, पण तीन दिवसही पुष्कळ झाले. रुग्ण घरी नमुना घेऊन टपालाने पाठवू शकतो, हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती.

ती का, हे कळायला आधीची पद्धत पाहावी लागेल. आतड्यात किती पांढऱ्या पेशी उतरतात हे मोजायचे तर रुग्णाचे रक्त काढून, त्यातल्या पेशींना इंडियम-१११ हा किरणोत्सारी पदार्थ लावून त्या परत टोचत आणि मग चार दिवसांचा सगळा मल गोळा करत. रुग्णाचे हाल, प्रयोगशाळेचे त्याहून जास्त. १९९९ साली रोसेथ यांनी कॅलप्रोटेक्टिनचा आकडा इंडियमच्या आकड्याशी चांगला जुळतो असे दाखवले. पाठोपाठ लंडनमध्ये टिबल आणि ब्यार्नासन यांच्या गटाने एकाच वेळच्या छोट्या नमुन्यावरूनही क्रोन्सच्या रुग्णांतली सूज ओळखता येते, हे सिद्ध केले.

इथे एक तांत्रिक तपशील आहे. कंटाळवाणा आहे, पण आपला ५० त्यातूनच जन्मला. मूळ पद्धतीत निरोगी माणसांसाठीची वरची मर्यादा १० धरली होती, एकक होते लिटरमागे मिलिग्रॅम. २००० साली ओस्लोच्याच गटाने मलातून प्रथिन सोडवून घेणारे जास्त चांगले द्रावण तयार केले. १०० मिलिग्रॅम नमुना पुरू लागला आणि त्याच मलातून सुमारे पाचपट प्रथिन हाती येऊ लागले. जुने १० नव्या पद्धतीत ५० झाले आणि एककही बदलले. म्हणजे पन्नासची रेघ ही निसर्गाने ओढलेली नव्हे. नव्या द्रावणाने जुन्या आकड्याचे भाषांतर केले, आणि तो जुना आकडा उत्तर युरोपातल्या निरोगी प्रौढांवरून आला होता. पुढे अनेक कंपन्यांनी आपापले किट बाजारात आणले. एकच नमुना दोन किटांवर घातला तर आकड्यांत दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो, हे वारंवार दिसले आहे. तरीही बहुतेकांनी छापील मर्यादा ५०च ठेवली. गोल आकड्याचा मोह सर्वांना असतो.

‘नॉर्मल’ हा शब्द मुळात घोटाळ्याचा आहे, हे उत्तरेतल्याच एका शास्त्रज्ञाने आधी सांगून ठेवले होते. फिनलंडचे राल्फ ग्रेसबेक हे ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणातल्या एका आनुवंशिक दोषामुळे वैद्यकाच्या पुस्तकांत अमर झाले आहेत. नॉर्वेच्या ओल्गा इमर्सलुंड यांच्या जोडीने त्यांचे नाव त्या आजाराला आहे. माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम वेगळेच. १९६९ साली ग्रेसबेक आणि सारिस यांनी असा आग्रह धरला की ‘नॉर्मल व्हॅल्यू’ हा शब्दच टाकून द्यावा. नॉर्मल म्हणजे निरोगी, की सर्वसाधारण, की आदर्श? तीन अर्थ एकाच शब्दात कोंबले की वाद होणारच. त्याऐवजी ‘संदर्भमूल्य’ म्हणावे आणि सोबत सांगावे की हा संदर्भ कुणाचा : किती वयाची, कुठली, कशी निवडलेली माणसे. पुढे आंतरराष्ट्रीय संस्थांनी त्याचे नियम केले. प्रत्येक गटात किमान १२० निरोगी माणसे घ्यावीत, त्यांच्या आकड्यांतला मधला ९५ टक्के भाग ती कक्षा समजावी. याचा अर्थ शंभर निरोगी माणसांतली पाच जण ठरवूनच कक्षेबाहेर राहतात. शब्द बदलला, पण रिपोर्ट वाचणाऱ्याच्या मनातला ‘नॉर्मल’ काही गेला नाही.

आता बाळांकडे येऊ, कारण पन्नासच्या रेघेला पहिला धक्का त्यांनीच दिला.

बर्गेन हे नॉर्वेचे पश्चिम किनाऱ्यावरचे शहर. तिथल्या बालरोगतज्ज्ञांना एक जुना प्रश्न सोडवायचा होता. काही तान्ही बाळे संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन किंचाळत रडतात, तासन्‌तास थांबत नाहीत. आपल्याकडे अशा बाळाच्या बेंबीभोवती हिंग लावतात, ओव्याचा शेक देतात, बाळगुटीतले मुरुडशेंगेचे वेढे वाढवतात, आणि तरीही ते रडतेच. या बाळांच्या आतड्याला सूज असते काय? २००२ साली ओलाफ्सदोत्तिर आणि सहकाऱ्यांनी रडणाऱ्या बाळांच्या मलातले कॅलप्रोटेक्टिन मोजले. सरासरी निघाली सुमारे २८०. पन्नासच्या मानाने हा आकडा साडेपाच पट. केवळ हाच आकडा हाती असता तर त्या बाळांवर आतड्याच्या आजाराचा शिक्का बसला असता. पण त्यांनी शेजारी न रडणारी, हसरी, वजन वाढवणारी बाळेही ठेवली होती. त्यांचीही सरासरी तेवढीच! मोठ्या निरोगी मुलांत ती ४०च्या आसपास होती. पोटशुळाचे कारण सापडले नाही ते नाहीच, पण एक गोष्ट स्पष्ट झाली : तान्ह्या बाळात हे प्रथिन मुळातच भरपूर असते. तुलनेचा गट ठेवण्याचे महत्त्व शिकवायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

मग आकड्यांची रीघ लागली. २००३ साली स्वीडनच्या फागरबर्ग यांनी ४ ते १७ वर्षांची ११७ निरोगी मुले तपासली, मध्यांक १३.६ आला. चौथ्या वर्षापुढे मोठ्यांची ५० ही मर्यादा चालेल, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो पुष्कळ काळ प्रमाण मानला गेला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या कांपेओत्तो यांनी पूर्ण दिवसांच्या निरोगी नवजातांचे आकडे दिले : मध्यांक १६७. २०१४ साली डेन्मार्कमधून एक तक्ता आला. त्यात शंभरातल्या ९७-९८ निरोगी मुलांना सामावणारी वरची मर्यादा पहिल्या सहा महिन्यांत ५३८, सहा महिने ते तीन वर्षे २१४ आणि तीन ते चार वर्षांत ७५ अशी होती. एका उतरत्या जिन्यासारखा हा तक्ता आहे.

या तक्त्याला आणखी एक बारीक अडचण आहे. बाळाची शी लंगोटात होते. हल्लीचे डायपर पाणी शोषून घेतात, त्यामुळे उरलेल्या मलात दर ग्रॅममागे प्रथिन जास्त भरते. तेव्हा नमुना डायपरमधून खरवडला की प्लॅस्टिकवर धरला, हेही रिपोर्टवर असायला हवे. ते कधीच नसते.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एक आजी सात महिन्यांच्या नातीचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. बाळाला आठवड्याभर पातळ शी होत होती, ती थांबलीही होती. रिपोर्टवर कॅलप्रोटेक्टिन १८०, ठळक अक्षरांत. शेजारी ‘नॉर्मल : ५०पेक्षा कमी’. वयाचा उल्लेख फक्त वर, नावाशेजारी. घरात गेला पंधरवडा सुतकी होता. आईने स्वतःचे दूध-दही-तूप बंद केले होते आणि अंगावरचे दूध तोडण्यापर्यंत गोष्ट आली होती. “बाई, हिच्या आतड्याला एवढी सूज आहे, मग ही हसते कशी?” असे त्यांनी विचारले. प्रश्न अचूक होता. मी त्यांना डेन्मार्कचा तक्ता दाखवला आणि बालरोगतज्ज्ञांकडे परत जायला सांगितले. त्या डॉक्टरांनी बाळाचे वजन पाहिले, पोट तपासले आणि सगळ्यांना जेवायला सांगितले.

बाळांचा आकडा इतका का चढतो? जन्मतः जवळपास जंतुविरहित असलेल्या आतड्यात काही दिवसांत अब्जावधी जंतू वस्तीला येतात, आतड्याचे अस्तर अजून पुरते घट्ट विणलेले नसते, पांढऱ्या पेशी ये-जा करत असतात. इटलीत तुरिन इथे साविनो यांच्या गटाला २०१० साली असे आढळले की केवळ आईच्या दुधावरच्या बाळांत हा आकडा डब्याच्या दुधावरच्या बाळांपेक्षा जास्त असतो. सर्व अभ्यासांत हा फरक सारखा दिसलेला नाही. पण तो खरा धरला तर पन्नासच्या रेघेने सगळ्यात आजारी ठरणार ते सगळ्यात योग्य आहार घेणारे बाळ.

हे वाचताना मला अंगणवाडीतला वजनाचा तक्ता आठवला. जगभर दीर्घकाळ वापरला गेलेला १९७७चा अमेरिकी तक्ता तान्ह्या बाळांपुरता ओहायो राज्यातल्या मुख्यतः बाटलीच्या दुधावर वाढलेल्या मुलांवरून काढलेला होता. आईच्या दुधावरचे बाळ काही महिन्यांनंतर त्या तक्त्यात मागे पडल्यासारखे दिसे, आणि मग वरचे दूध सुरू करण्याचा सल्ला मिळे. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या आईच्या दुधावरच्या मुलांची मोजमापे घेऊन २००६ साली नवा तक्ता दिला. भारतातली मुले दिल्लीची होती, नॉर्वेतली ओस्लोची. वजनाच्या बाबतीत ही दुरुस्ती झाली, कारण तराजू घरोघरी आहे आणि त्यामागे एक चळवळ उभी होती. मलातल्या प्रथिनासाठी चळवळ कोण उभारणार!

वयाच्या दुसऱ्या टोकालाही रेघ डळमळते. इंग्लंडमध्ये प्लिमथ इथे जोशी, आयलिंग आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांवरून २०१० साली वयानुसार मर्यादा काढल्या. २ ते ९ वर्षे १६६, १० ते ५९ वर्षे ५१, साठीपुढे ११२. मधला गट पाहा : जवळजवळ नेमका ५०. म्हणजे ओस्लोची जुनी रेघ चुकीची मुळीच नव्हती. ती ज्यांच्यावरून काढली त्यांना ती चोख बसते. दोन ते नऊ या गटात मात्र स्वीडनच्या आकड्यांशी मेळ बसत नाही. गटात दोन-तीन वर्षांची मुले मिसळली की मर्यादा वर जाते, हे त्याचे एक उघड कारण.

साठीपुढच्या ११२बद्दल मला थोडी शंका आहे. वय वाढले की आकडा वाढतो, हे लंडनच्या पौलिस यांच्या २००४च्या अभ्यासातही दिसले होते, पण तिथे लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव आणि आहारातला कमी चोथा यांच्याशीही त्याचा संबंध लागला. शिवाय या वयात गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या सर्रास चालू असतात, आणि त्या लहान आतड्याला सूज आणतात हे कॅलप्रोटेक्टिनवरूनच सिद्ध झालेले आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही हा आकडा वाढतो. तेव्हा म्हातारपणाची मर्यादा वर नेताना आपण वयाला सूट देतो आहोत की न सापडलेल्या आजाराला, हे सांगणे कठीण. बाळाच्या बाबतीत मी रेघ वर न्यावी म्हणेन; आजोबांच्या बाबतीत इतक्या चटकन म्हणणार नाही.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ साली ही तपासणी सरकारी आरोग्यसेवेत घ्यायला मान्यता दिली. कर्करोगाचा संशय नसलेल्या रुग्णांत आतड्याची सूज आणि नुसताच चिडखोर आतड्याचा त्रास यांच्यात फरक करणे, एवढेच तिचे काम ठरले. हेतू चांगला होता : दुर्बिणीची तपासणी टाळता येईल तितकी टाळावी. लहान मुलाला त्यासाठी भूल द्यावी लागते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचे मोल कळेल. पण पन्नासच्या रेघेवर अनेक निरोगी माणसे दुर्बिणीपर्यंत जाऊ लागली. यॉर्क शहरातल्या डॉक्टरांनी मग प्रौढांसाठी वेगळी रीत बसवली. १००पर्यंत काळजी नाही. त्यापुढे आकडा आला तर थांबून पुन्हा मोजायचे, आणि दुसऱ्यांदा २५०च्या वर गेला तरच घाई करायची.

आता आपल्याकडचा प्रश्न. ही सगळी निरोगी माणसे ओस्लो, बर्गेन, पॅरिस आणि प्लिमथची. उष्ण प्रदेशातल्या, अस्वच्छ पाण्याच्या, दाट वस्तीतल्या मुलांना ती लागू आहेत का? हेस्टविक यांनी युगांडाची राजधानी कंपाला इथल्या वस्तीतली ३०२ वरकरणी निरोगी मुले तपासून २०११ साली आकडे दिले. माझी अपेक्षा होती की ते फार चढे असतील. तसे झाले नाही. एक वर्षाखाली मध्यांक २४९, एक ते चार वर्षे ७५, चार ते बारा वर्षे २८. युरोपातल्या जिन्याशी हे बरेच जुळते. निदान या शहरात देशापेक्षा वय भारी ठरले.

मात्र याच्या उलट सांगणारा पुरावाही आहे, आणि त्यात भारताचे नाव जुने आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बेकर आणि माथन यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत दाखवून दिले होते की दक्षिण भारतातल्या निरोगी समजल्या जाणाऱ्या माणसांच्याही लहान आतड्याचे अस्तर पाश्चात्त्य पुस्तकांतल्या चित्रांसारखे नसते. त्याच सुमारास पूर्व आणि पश्चिम पाकिस्तानात राहायला आलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांची आतडीही तशीच बदललेली आढळली. म्हणजे हा वंशाचा गुण नव्हता, परिसराचा होता. अलीकडे वेल्लोरसह आठ देशांतल्या आठ ठिकाणी बाळांच्या मलाचा मोठा अभ्यास झाला. त्यात कॅलप्रोटेक्टिनऐवजी तीन दुसरी प्रथिने-द्रव्ये मोजली. त्यांतले एक फागरहोल यांचे जुने अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. ज्या बाळांत तिन्हींचे एकत्रित मान सर्वांत जास्त होते, ती पुढच्या सहा महिन्यांत सर्वांत कमी मान असलेल्या बाळांपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर कमी वाढली.

त्यामुळे ‘आपल्या मुलांसाठी आपली मर्यादा काढा’ ही मागणी ऐकायला गोड असली तरी जपून करायला हवी. एखाद्या वस्तीतली बहुतेक मुले सतत सुजलेल्या आतड्याने जगत असतील आणि त्यांच्यावरूनच आपण कक्षा काढली, तर ती सूज कायमची ‘नॉर्मल’ म्हणून छापली जाईल. त्यात आतड्याचा क्षयही आहे. त्यातही कॅलप्रोटेक्टिन वाढते, आणि क्रोन्स की क्षय हा आपल्याकडच्या पोटविकारतज्ज्ञांचा रोजचा पेच या आकड्याने एकट्याने सुटत नाही. माझे मत असे की कक्षा वयानुसार वेगळ्या असाव्यात, पण त्या काढताना मुले निवडायची ती उंची-वजन नीट वाढणारी आणि स्वच्छ पाणी मिळणारी, मग ती सांगलीची असोत की ओस्लोची.

या हकीकतीतला अलीकडचा भाग जर्मनीतल्या हॅनोव्हरचा आहे. डोरोथे फीमान यांच्या गटाने २०२० साली नवजात बाळांच्या मलातल्या या प्रथिनाकडे उलट्या बाजूने पाहिले. ते चढलेले का असते, यापेक्षा ते कमी असेल तर काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. ज्या उंदरांच्या पिल्लांत हे प्रथिन तयारच होत नव्हते, त्यांच्या आतड्यातल्या जंतूंची वस्ती बिघडली. जन्मल्यावर ते बाहेरून दिले, तर बिघाड टळला. माणसाच्या बाळांत ज्यांच्या मलात ते कमी होते, त्यांच्यात रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याचे आणि दुसऱ्या वर्षापर्यंत लठ्ठपणा येण्याचे प्रमाण जास्त दिसले. तान्ह्या बाळाच्या आतड्यात हे प्रथिन बहुधा सुजेची खूण म्हणून नसते. नव्याने येणाऱ्या जंतूंतून कुणाला ठेवायचे आणि कुणाला नाही, हे ठरवण्याच्या कामात त्याचा हात असतो. माझ्या पाहण्यात आलेल्या रिपोर्टांवर मात्र तिसऱ्या रकान्यात अजून ‘पेक्षा कमी’ एवढेच असते. त्याला खालची मर्यादा छापलेली मी कुठे पाहिलेली नाही.